शह बसलेला, उडी न मारलेला राजा

नाशिक
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

आदरणीय झुंबरकाका,

हर्षालीचा सविनय नमस्कार.

आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. ज्यांच्याशी वडिलांचे बोलणे बंद आहे त्यांना मुलीने परस्पर लिहावे, हे आमच्या घरच्या रीतीत बसत नाही. पप्पांना हे पत्र ठाऊक नाही. मी केवळ आपली जुनी विद्यार्थिनी म्हणून लिहीत आहे. संगणकाच्या क्लासमध्ये मराठी माध्यमाची म्हणून मी शेवटच्या बाकावर बसत असे आणि आपण सी भाषेचे ‘पॉइंटर’ मला घराचा पत्ता आणि घर यांतील फरक सांगून समजावले होते, त्या अधिकाराने.

अडचण अशी आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षासाठी मी आणि माझी मैत्रीण स्नेहा यांनी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, म्हणजे बुद्धिबळाचे इंजिन, हा प्रकल्प घेतला आहे. असली इंजिने जगात ढिगाने आहेत. पण त्यांपैकी एकालाही आपल्याकडचे बुद्धिबळ येत नाही. प्यादे नेहमी एकच घर चालते, किल्लेकोट नसतो, राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची असते, हे त्यांच्या गावीही नाही. म्हणून आमचे इंजिन आपल्या पद्धतीने खेळणारे असावे, असे मी सुचवले.

प्रश्न भाषेचा आहे. कोणत्या भाषेत लिहायचे ते महिनाअखेर ठरवून द्यायचे आहे. पुढे बदल चालणार नाही. मार्गदर्शक मॅडम पायथन म्हणतात. स्नेहाचे म्हणणे, “पायथन घे गं बाई, नवरात्रात मला गरब्याला जायचंय.” मला सी परिचयाची आहे, कारण ती आपण शिकवली. आणि अलीकडे रस्ट नावाची एक भाषा मी स्वतःच वाचून शिकते आहे. पायथनमध्ये लिहिलेले वाचायला सोपे, पण चाल शोधायला ते इतका वेळ घेते की समोरचा चहा पिऊन येईल. सी वेगवान, पण चूक झाली तर सांगत नाही. रस्टविषयी अजून मत बनवण्याइतका माझा अनुभव नाही.

कोणती निवडावी? एवढेच विचारायचे होते.

आमच्या घरी सर्व कुशल आहे. आपण मे महिन्यात हरसूलला राहायला गेल्यापासून वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले आहेत. रविवारी दुपारी गॅलरी मोकळी असते. पप्पांनी पट कपाटावर ठेवला आहे. समोरच्या इमारतीतले दोघे-तिघे खेळायला म्हणून येऊन गेले, तेव्हा पप्पा म्हणाले की त्यांना आता बुद्धिबळाचा कंटाळा आला आहे. हे प्रकल्पाशी संबंधित नाही. लिहिण्याच्या ओघात आले.

आपली नम्र,
हर्षाली


नाशिक
मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५

आदरणीय काका,

आपले उत्तर आले. तीनच वाक्ये होती, पण मी ती वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली आहेत: “एकच चूक मुद्दाम तिन्ही भाषांत कर. ती चूक प्रत्येक भाषा कशी वागवते ते बघ. जिच्या वागण्याने तुला निर्धास्त झोप लागेल ती घे.” आपण पप्पांविषयी काही विचारले नाहीत. ते योग्यच आहे.

सांगितल्याप्रमाणे केले. पटाची चौसष्ट घरे मी एका ओळीत मांडून त्यांना शून्यापासून क्रमांक दिले होते. मग मुद्दाम सर्वांत वरच्या पट्टीतला घोडा घेतला आणि त्याला आणखी वर, म्हणजे पटाबाहेर, उडी मारायला लावली.

पायथनमध्ये घोडा वरून नाहीसा झाला आणि खालच्या पट्टीतून अलगद बाहेर आला. कसलीही तक्रार नाही. तिथे ऋण क्रमांक दिला की मोजणी शेवटाकडून सुरू होते, हे मला पाठ होते. पण घोड्याला तसे करताना पाहून मी एकटीच मोठ्याने हसले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “झालं. ही पण लागली बुद्धिबळाच्या नादी.”

सीमध्ये घोडा पटाबाहेर गेला आणि शेजारच्या घरात शिरला. म्हणजे मेमरीत पटाच्या अलीकडे जो काही आकडा पडला होता, तो प्यादे समजून त्याने मारला. डाव पुढे नीट चालू राहिला. पाच-सहा चालींनंतर भलत्याच ठिकाणी सगळे कोसळले आणि कारण शोधण्यात माझी अख्खी सकाळ गेली.

रस्टमध्ये प्रोग्राम जागच्या जागी थांबला. “येथे घर नाही” या अर्थाचा निरोप आणि ओळीचा क्रमांक. बस.

मी रस्ट घेतली. मॅडमना सांगायला वर्गात उभी राहिले. त्या वाईट बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “अगं, एवढा अट्टहास कशाला? बुद्धिबळाचे नियम जगभर एकच असतात.” मी म्हणाले, “मॅडम, आमच्या घोटीला वेगळे असतात.” वर्ग खूप हसला. का, ते मला आधी कळलेच नाही, कारण मी वस्तुस्थिती सांगत होते. मॅडम मात्र हसल्या नाहीत. “मग ते नियम लिहून आण, एकही फट न ठेवता,” म्हणाल्या आणि अर्जावर सही केली.

फट राहिली होती, काका. तीच सांगण्यासाठी आजचे पत्र आहे.

राजाच्या उडीसाठी मी दोन गोष्टी नोंदवत होते: राजाला कधी शह बसला आहे का, आणि राजाने उडी घेतली आहे का. शह नाही, उडी नाही: उडी घेता येईल. उडी झालेली आहे: पुन्हा नाही, मग शह बसलेला असो वा नसो. एवढे लिहून मी प्रोग्राम चालवण्याआधी तपासायला रस्टच्या कंपायलरकडे दिला. त्याने तो घेण्याचेच नाकारले. कंपायलर इंग्रजीत बोलतो, मी मराठी करून लिहिते: “शह बसलेला, उडी न मारलेला राजा: याचे काय करायचे ते तू सांगितलेले नाहीस.”

पायथनमध्ये मी हेच लिहिले होते तेव्हा त्याने काही विचारले नव्हते. स्वतःच्या मनाने एक अर्थ घेऊन तो पुढे गेला होता.

पडद्यावरचे ते वाक्य मी बराच वेळ वाचत बसले. आता लपवण्यात अर्थ नाही. मार्चमधल्या त्या रविवारी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि मला सगळे ऐकू आले होते.

“उडी कशाची मारतो, झुंबर? तुझ्या राजाला मघाशीच उंटाचा शह बसला. उडी गेली.”

“शहानं उडी जाते? हे कुठून काढलं?”

“काढलं नाय, हायेच तसं. हारायला लागला की नवे कायदे नको करू.”

“मी कायदे करतो? गेणू, वीस वर्षं तुझ्यासमोर बसलो ते लबाडी करायला?”

मग पट उलटल्याचा आवाज आला. कोणी उलटला ते मी पाहिलेले नाही, म्हणून त्यावर लिहीत नाही.

काका, मी पप्पांना परवा विचारले. प्रकल्पासाठी हवे आहे, असे सांगितले. ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, “शह बसला की उडी संपली. लिही.” नियमाला दोन साक्षी असाव्यात म्हणून आपल्यालाही विचारते. शह बसलेला, उडी न मारलेला राजा उडी घेऊ शकतो का? एका ओळीत कळवले तरी पुरे.

आपली नम्र,
हर्षाली


नाशिक
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

आदरणीय काका,

आपले उत्तर कडक होते. ते मी पप्पांना दाखवले नाही. “हरसूलमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की उडी घेतल्याशिवाय संपत नाही. तुझ्या वडिलांनाही ठाऊक आहे. त्यांनी त्या दिवशी जाणूनबुजून केले. यापुढे हा विषय नको.”

विषय नको म्हणालात, तरी मी पुन्हा लिहीत आहे. शाळेत असताना मी कधी गुरुजनांचा शब्द मोडल्याचे मला आठवत नाही. पण आपल्या वाक्यातला पहिलाच शब्द माझ्या मनातून जाईना. आपण “सर्वांना ठाऊक आहे” असे लिहिले असते तर मी गप्प बसले असते. आपण “हरसूलमध्ये” लिहिलेत.

गौरी-गणपतीला आम्ही पप्पांच्या गावी घोटीला गेलो होतो. तिथल्या भाताच्या गिरणीच्या ओट्यावर म्हातारी माणसे बुद्धिबळ खेळतात. भात अजून शेतात उभा असल्याने गिरणी थंड होती आणि ओटा भरलेला. मी बायकांमधून उठून तिथवर कशी गेले, याचे मलाच नवल वाटते. केरूबाबा म्हणून एक जण आहेत, पप्पांना त्यांनीच लहानपणी खेळायला शिकवले. त्यांना विचारले, “बाबा, राजाला शह बसून गेला, पण उडी मारलेली नाही. तर उडी राहते का?”

“कुनाची गं तू?”

“गेणूची.”

“गेणूची, आन हे माहीत नाय? शह खाल्ला, उडी गेली. भ्यालेला घोडा कुंपन उडत नसतो.”

समोरचा गडी म्हणाला, “बाबा, पोरगी इंजेनेर हाय. इंजेनेरला विचारावं लागतं व्हय?”

“इंजेनेर हाय म्हनून तर विचारती. तू कधी काय विचारलं? हत्ती मेला तुझा, बघ.”

सगळे हसले. मी पळून न जाता आणखी एक विचारले, की कुठे याहून वेगळे खेळतात का. केरूबाबांनी हात उडवला. “तिकडं डोंगरात खेळत असतील कायबी. आपल्याला काय त्याचं?”

दरम्यान स्नेहाने तिचे काम केले. ती आपल्याच हरसूलची, हे मी आपल्याला सांगितले नव्हते. मुद्दाम नव्हे, पण अगदीच नकळतही नव्हे. तिने बाजाराच्या दिवशी चार जणांना विचारले आणि त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवले. त्यातल्या एकाचे वाक्य असे: “शह बसला म्हनून उडी काढून घेतली, तर मंग राजाला राजा कशाला म्हनायचा?” चारही जणांचे उत्तर आपल्यासारखेच.

काका, घोटीत उडी जाते. हरसूलमध्ये उडी राहते. त्या दिवशी आपण दोघेही खरे बोलत होतात.

मग मला खरा प्रश्न पडला, आणि तो मला तेव्हापासून स्वस्थ बसू देत नाही. वीस वर्षे दर रविवारी दोन गावांचे दोन नियम एकाच पटावर बसले होते, तर ते कधी एकमेकांना धडकले कसे नाहीत? मी इंजिनला दोन्ही नियम शिकवले. आता डाव सुरू होताना ते विचारते, गाव कोणते? घोटी सांगितले की एक नियम, हरसूल सांगितले की दुसरा. मग दोन्हीकडून त्याला स्वतःशीच कितीतरी डाव खेळायला लावले. राजाने उडी सुरुवातीलाच घेऊन टाकली, तर दोन्ही गावांचे डाव तंतोतंत सारखे चालतात. फरक दिसतो तो उडी राखून ठेवली तरच.

पप्पांना विचारले, “तुम्ही उडी कधी घ्यायचात?”

“लगेच. राजा आधी कोपऱ्यात घालायचा, मग लढायचं. झुंबरचं पण तसंच.” मग म्हणाले, “त्या दिवशीच त्यानं ठेवली होती. कशाला ठेवली काय माहीत.”

आपल्या जाण्यानंतर पप्पांच्या तोंडून आपले नाव मी प्रथमच ऐकले.

हे मी त्यांना सर्व सांगितले. केरूबाबांचे, स्नेहाच्या चार माणसांचे. पप्पा म्हणाले, “म्हणजे तो खोटं नव्हता बोलत.”

मी म्हणाले, “तुम्हीही नव्हता.”

“माझं सोड.”

काका, माझी एक विनंती आहे. तो डाव कुठे थांबला होता, ते आपल्याला आठवत असेल तर मांडणी लिहून पाठवाल का? पप्पांकडूनही मी मागून घेणार आहे. आणि शक्य असेल तर हेही सांगावे: त्या दिवशी उडी का राखून ठेवली होतीत?

आपली नम्र,
हर्षाली


नाशिक
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

आदरणीय काका,

आपली मांडणी मिळाली. पप्पांनी दिलेली मी आधीच लिहून ठेवली होती. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. एका प्याद्याचाही फरक नाही.

आपण उडी का राखली होती, ते आपण लिहिलेत. हरसूलला परत जायचे नक्की झाले होते, ते त्याच दिवशी सांगायचे होते, आणि जीभ रेटत नव्हती म्हणून डाव लांबवत होतात. काका, मी आपली परवानगी न घेता ते पप्पांना वाचून दाखवले. ते उठून गॅलरीत गेले. आई हळूच म्हणाली, “तरी मी म्हणत होते, भांडण उडीचं नाहीच.” मग तिनेही गॅलरीकडे पाहिले आणि भाजी चिरायला घेतली.

आता इंजिनविषयी, कारण मूळ पत्रव्यवहार त्याचाच आहे आणि निकाल आपल्याला सांगणे माझे कर्तव्य आहे.

ती मांडणी मी प्रथम पायथनच्या जुन्या प्रोग्रामला दिली. हरसूलचा नियम धरून. आपला काळा राजा उडी घेऊन निसटतो. पायथनला पुढच्या चार-पाच चालींपलीकडे दिसत नाही. वेळ पुरत नाही. त्याचा निर्णय असा: उडीने काळा वाचला, आणि आता त्याचेच पारडे जड. त्या दिवशी आपल्याला असेच वाटले असणार, आणि मला वाटते पप्पांनाही.

मग तीच मांडणी रस्टच्या प्रोग्रामला दिली. तेवढ्याच वेळात तो दुप्पटीहून खोल गेला. पहिल्यांदा त्याचे उत्तर मला चूक वाटले, म्हणून मी प्रत्येक चाल कागदावर हाताने करून पाहिली, आपण शिकवलेत तशी. उत्तर बरोबर आहे. आपली उडी झाल्यानंतर पांढऱ्याने हत्ती बळी द्यायचा. काळ्याला तो घ्यावाच लागतो. तिथून सहाव्या चालीला मात होते, आणि ती करते एक प्यादे.

प्यादेमात, काका. पप्पांनी आपली उडी मान्य केली असती, तर त्यांना आयुष्यातली सर्वांत मानाची मात मिळाली असती. उडी नाकारून त्यांनी ती स्वतःच घालवली. प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहावा, हा प्रश्न घेऊन मी आपल्याकडे आले होते. पायथनवर थांबले असते, तर शह बसलेल्या राजाविषयी मला कोणी विचारलेच नसते, आणि या डावात उडीने काळाच जिंकला असता असे समजून मी पुढे गेले असते.

मी पप्पांना हे सांगितलेले नाही. सांगावे की नाही, यावर मी आठवडाभर विचार करत होते. आज दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी कपाटावरून पट खाली घेतला, पदराला हात पुसणाऱ्या आईकडून फडके मागून घेतले आणि गॅलरीत बसून ती मांडणी लावली. माझ्याकडून कागद मागितला नाही. मग आपला काळा राजा उचलला आणि अडीच घरे नेऊन ठेवला. आपण नेला होता तिथेच.

मी जवळ जाऊन बसले. “तुझं यंत्र काय म्हणतं?” असे विचारतील म्हणून मी उत्तर जुळवत होते. त्यांनी विचारले नाही. बराच वेळ पटाकडे पाहत राहिले. त्यांचा हात एकदा हत्तीवर गेला. हत्तीच्या डोक्यावर बोट ठेवून ते थांबले. मग हात काढून घेतला आणि वजीर एक घर मागे आणला.

आई दारात उभी होती. “अगं बाई, ह्यांनी वजीर मागे घेतला?”

“तू गप गं,” पप्पा म्हणाले.

ही चाल मी नंतर इंजिनला दिली. वजीर मागे आल्यावर प्यादेमातीची वाट बंद होते, म्हणूनच ती आपल्याला सांगायला आता हरकत नाही. इंजिनच्या मते डाव बरोबरीचा आहे आणि खूप लांब चालेल.

हत्तीची चाल पप्पांना दिसली होती का, हे मला माहीत नाही. मी त्यांना विचारणार नाही. आपण मात्र विचारू शकता.

पप्पांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत पाठवते. त्यांनी मला ते दोनदा म्हणायला लावले, एकही शब्द इकडेतिकडे होऊ नये म्हणून: “झुंबर, उडी मान्य. हरसूलचा नियम. माझा वजीर एक घर मागं. आता तुझी चाल, आन घाई नको.”

आपली नम्र,
हर्षाली

पाठवले: रविवार, २८ सप्टेंबर २०२५, सायंकाळी ५ वाजून ५२ मिनिटे